चरवीतली पांढरी फुलं

धावडा, ता. भोकरदन
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय नाजू,

तुझं पत्र आणि निकाहाची पत्रिका परवा एकाच पाकिटात मिळाली. जीशानच्या नावाशेजारी तुझं नाव सोनेरी अक्षरांत बघून मी शाळेतून आल्या आल्या, चप्पल न काढता, आईला वाचून दाखवलं. आईनं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "लालमियाँचं नाव कुठं गेलं?"

मी पत्रिका उलटीपालटी केली. मामूंचं नाव आहे, मामींचं आहे, मामूंच्या दुकानाचंसुद्धा आहे. तुझ्या बापाचं नाही. पत्रात तू कारण लिहिलं आहेस: अब्बांना कळवलेलं नाही, कळवणारही नाही, निकाहात मुलीच्या बाजूनं वकील म्हणून मामू उभे राहतील. हे मी आईला वाचून दाखवलं नाही. छापायचं राहिलं असेल, असं म्हणाले.

फोन का करत नाहीस म्हणून रागावली आहेस. केला होता गं, दोनदा. तू "बोल" म्हणालीस आणि मी मक्याचं, शाळेच्या सहलीचं, आईच्या गुडघ्याचं बोलत बसले. फोनवर माझी जीभ हवं ते सोडून सगळं बोलते. कागदावर बरं पडतं, खोडता तरी येतं.

नाजू, लालमियाँचाचांना बोलव. तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. तुमच्या प्लॉटवरचं कांद्याचं बी बियाणे कंपनीनं लावून पाहिलं, लाल कांद्यात फिक्कट पांढरे निघाले, आणि चाचांनी साहेबांपुढं स्वतःच्या तोंडानं सांगितलं की दुसरं बी मीच मिसळलं. तू त्याच कंपनीची तपासणीस. तुला मान खाली घालावी लागली. फेब्रुवारीत बदली मागून तू निजामाबादला गेलीस, त्यानंतर बापाशी एक शब्द बोलली नाहीस. सगळं कळतं मला. तरी म्हणते, बोलव. तीस वर्षं त्यांच्या बियाकडे कोणी बोट दाखवलं नव्हतं. आता कोणतीच कंपनी त्यांना प्लॉट देत नाही. मका लावतात. मशिदीतून येताना पूर्वी आमच्या ओट्यावर टेकायचे, आता हात वर करतात आणि सरळ पुढं जातात. तुझ्या अम्मी, मैमूनाखाला, आज असत्या तर त्यांनी तुम्हा दोघांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी घातली असती.

आता तुझी दुसरी मागणी. पुण्याच्या प्रदर्शनात माझ्या फोटोला बक्षीस मिळाल्याची बातमी तू पेपरात पाहिलीस, आणि "तो चरवीतल्या पांढऱ्या फुलांचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो मला लग्नात दे, नव्या घरात पुढच्या खोलीत लावणार" असं लिहितेस. वर विचारतेस, कसली फुलं आहेत, पेपरात नुसते पांढरे ठिपके दिसतात. जंगली आहेत. नाल्याकडेला येतात तसली, नाव मलाही माहीत नाही. पण लग्नघरात काळा-पांढरा फोटो कशाला? मी तुला घाटातल्या सीताफळांचा देते, चांगला मोठा आणि रंगीत.

जीशानला सांग, तुझ्या हातचा चहा पिण्याआधी साखर पडली की मीठ, ते चाखून घे म्हणावं.

तुझी
संध्या


धावडा
रविवार, ७ डिसेंबर

प्रिय नाजू,

पत्र वाचलं. सीताफळांचा फोटो स्वतःच्या कपाळावर मारून घे असं तू लिहिलं नाहीस, पण अर्थ तोच होता. "फुलांचाच दे. आणि अब्बांचं नाव पुन्हा काढू नको."

तो फोटो देता येत नाही. निगेटिव्हला बुरशी आली आहे.

बुरशी आलेली नाही. वरचं वाक्य खोडलंही असतं, पण आता राहू दे.

काल सहा डिसेंबर. आई पांढरं लुगडं नेसून विहारात गेली, मीही गेले. सगळ्यांबरोबर पंचशील म्हणायला उभी राहिले. चौथं शील खोटं न बोलण्याचं. माझा आवाज तिथं बसला. शेजारी दैवशालाकाकू होत्या, त्यांना वाटलं मला गहिवरून आलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताची मला इतकी लाज वाटली की मेणबत्ती न लावताच घरी आले.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी फार वेळा वाचलं. "तू केशरमावशीची, स्वतःच्या आईची शपथ घेऊन सांगितलंस की तुमच्याकडचे फुलावर आलेले कांद्याचे डेंगळे उपटले होते. किलोमीटरभरात दुसऱ्या कुणाकडे कांदा नव्हता, ते मी स्वतः फिरून बघितलं होतं. मग भेसळ आभाळातून पडली का? अब्बांनीच केली. त्यांनी कबूलही केलं. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?"

नाजू, ऐक. ते डेंगळे उपटले होते हे खरं, पण तू तपासणीला आलीस त्याच्या आधी नाही. नंतर. एखादा दिवस उशीर झाला असेल. एखाद्या दिवसानं काय होतं, तूच सांग. पण तेवढ्यावरून चाचांना अगदीच

हे पत्र मी असंच पाठवते आहे. पुन्हा लिहायला बसले तर आणखी काहीतरी सजवून लिहीन.

संध्या


धावडा
बुधवार, १७ डिसेंबर

नाजू,

तुझं उत्तर आलं नाही. यायला हवं असंही नाही. आता सरळ लिहिते.

फोटोतली फुलं जंगली नाहीत. ती कांद्याची आहेत, आमच्या परसातल्या. पुण्यात एका बाईंनी विचारलं, "कोणती हो ही फुलं? परदेशी वाटतात." मी म्हणाले, "आमच्याकडची जंगली." तिथून ते खोटं माझ्या तोंडात बसलं. तीन आठवडे तो फोटो तिथं होता. ज्यांच्या घरी रोज कांदा चिरतात अशा शेकडो लोकांनी तो बघितला आणि एकालाही कांदा ओळखता आला नाही. तू ओळखला असतास. म्हणून तुला द्यायचा नव्हता.

आई उन्हाळ्यासाठी पांढरे कांदे ठेवते ते तुला माहीत आहे. त्या वर्षी टोपलीतच कोंब आले म्हणून तिनं ते न्हाणीच्या पाण्यावर लावून टाकले, तीसेक असतील. २०२४ च्या जानेवारीत त्यांना डेंगळे फुटले, उंच दांड्यांच्या टोकाला गोंडे धरले. चाचा दरवर्षीसारखे घरोघर फिरत आमच्याकडे आले. "संध्या बेटा, तेवढे डेंगळे मोडून टाक. आपला लाल कांदा फुलून राह्यला. दुसरा कांदा जवळपास फुलला की मधमाशी सगळं बी बाटवती." मी म्हणाले, "मोडते चाचा." आईनंही दोनदा सांगितलं. मोडणारच होते.

मग एका सकाळी तोंड धुताना बघितलं, तर एका गोंड्यावरचा पापुद्रा फाटला होता आणि आतून पांढऱ्या चांदण्या बाहेर येत होत्या. तुला हसू येईल. तुझं अख्खं आयुष्य त्या फुलांत गेलं, तुला ती म्हणजे क्विंटल आणि उगवण. मी तीन वर्षं फोटो काढून जिकडंतिकडं पाठवत होते आणि सगळे परत येत होते. लग्नांचे फोटो काढणारी चित्रकलेची मास्तरीण, एवढीच माझी ओळख. मला वाटलं, हे माझं आहे. हे शहरातल्या कुणाला सुचणार नाही. फक्त सगळा गोंडा गोल उघडेपर्यंत थांबायचं होतं.

तीन फेब्रुवारीला तू रजिस्टर घेऊन आलीस. नवं ओळखपत्र गळ्यात, डोक्याला रुमाल, आणि उन्हात फिरून तोंड लालबुंद. मी चहा टाकला. तू म्हणालीस, "परसात एक नजर टाकून येते." मी म्हणाले, "उपटले गं ते, बस निवांत. माझ्यावर भरवसा न्हाई का?" तू हसलीस. बाजेवर बसून रजिस्टर मांडीवर घेतलंस आणि जवळपास दुसरा कांदा नाही, याखाली सही केलीस. मी तुझ्या कपात साखर ढवळत होते.

एखादा दिवस नव्हे. आठ दिवस. अकरा फेब्रुवारीच्या रविवारी सकाळी गोंडे पूर्ण उघडले. आईच्या पितळी चरवीत सात डेंगळे ठेवले, मागचं दार उघडं ठेवून फोटो काढले आणि बाकीचे सगळे त्याच दुपारी मोडून शेळीला घातले. शेळीनं तोंड फिरवलं. आठ दिवस त्यांच्यावर मधमाश्या घोंगावत होत्या, आणि तुमचा प्लॉट आमच्या मागच्या दारातून दिसतो. मला कळत नव्हतं असं नाही. बी-प्लॉटच्या गावात वाढलेल्या पोरीला हे कळत नाही असं कोण म्हणेल? कळत होतं. मला ती फुलं हवी होती.

पुढं मी ते विसरले. खरंच विसरले. अंधाऱ्या कोठीत लाल दिव्याखाली त्याच्या प्रती काढत बसले. पांढऱ्यावर पांढरं दिसायला फार त्रास पडतो, जरा जास्त उजेड झाला की सगळा नुसता कागद. अकरा प्रती फुकट गेल्या. बाराव्या प्रतीत प्रत्येक फूल वेगळं दिसलं आणि मी कोठीत एकटीच नाचले.

आणि मग यंदाच्या फेब्रुवारीत निकाल आला. तू आमच्या ओट्यावर येऊन मला विचारलंस, खरं सांग, उपटले होते ना? तेव्हा बोलले असते तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण तोपर्यंत चाचांनी कबुली दिली होती. मी मनाशी म्हटलं, बघ, ते स्वतः म्हणतात ना, मग माझं काय? मी तुझ्या बापाच्या कबुलीमागं लपले. आई आत भाकरी थापत होती, तिची शपथ घेतली. आणि तू माझा हात धरून म्हणालीस, "मंग अब्बांनीच केलं." मी हात सोडवून घेतला नाही.

चाचांनी न केलेलं का कबूल केलं, मला माहीत नाही. कदाचित साहेबांचा धाक वाटला असेल. रविवारी त्यांच्याकडे जाणार आहे. त्यांना तोंडावर सांगितल्याशिवाय हे पाकीट टपालात टाकायचं नाही, असं ठरवलं आहे. आईलाही अजून सांगायचं आहे.

संध्या


धावडा
रविवार, २१ डिसेंबर

नाजू,

आईला सकाळी सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ते सगळे निवडून डब्यात भरले. मग चपला घातल्या आणि म्हणाली, "चल."

चाचा अंगणात मक्याची कणसं सोलत बसले होते. आईसाठी खाटेवरची गोधडी झटकली. मी उभीच राहिले. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं गेली आणि एकच बाहेर आलं.

"चाचा, ते डेंगळे मी मोडले नव्हते."

त्यांनी कणसाचा पाला ओढून काढला. "मालूम हाये."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. मी सकाळच्या पारी बी चांगलं धरावं म्हून गोंड्यांवर फडकं फिरवत होतो. तुमच्या मागच्या दारात तू कॅमेरा लावून राह्यलेली. चरवीत काय हाये ते दुरून न समजायला मी काय पुण्याचा हाये?"

मी विचारलं, मग तेव्हाच का ओरडला नाहीत.

"वरडणारच व्हतो. बांधापर्यंत आल्तो. मंग ध्यानात आलं, नाजियाची सही होऊन गेल्ती. वरडलो अस्तो तर गाव गोळा झालं अस्तं, अन् पहिली कोण सापडली अस्ती? पोरगी. म्हटलं, थोडक्यात निभावलं तर निभावलं. न्हाई निभावलं."

कंपनीच्या ऑफिसात काय झालं तेही सांगितलं. साहेबांनी विचारलं, आजूबाजूची तपासणी बराबर झाली होती का? झाली असेल तर भेसळ प्लॉटवरच झाली, आणि झाली नसेल तर ज्यानं सही केली तो जबाबदार. "तिला नोकरी लागून दीड वरीस झाल्तं," चाचा म्हणाले. "आमच्या खानदानात पैली पोरगी, जी गळ्यात कार्ड घालून फिरती. मी म्हटलं, साहेब, मी मिसळलं. खतम."

आई म्हणाली, "अन् तिनं खरं मानलं?"

"मानायलाच पायजे व्हतं, केशरबाई. न्हाई मानलं अस्तं तर ती शोधत बसली अस्ती." त्यांनी नवं कणीस उचललं आणि ते न सोलताच परत ढिगावर ठेवलं. "पण बोलणंच सोडंल, हे न्हाई वाटलं मला. वाटलं, चार दिवस रुसंल."

नाजू, तुझी पत्रिका आमच्या घरात महिनाभर पडून आहे, आणि मी चाचांना काही बोलले नव्हते. आता आईनं सांगितलं. "लालमियाँ, सोळा जानेवारीला तिचा निकाह हाये. निजामाबादला."

त्यांनी हाताला चिकटलेला पाला झटकला. मग विचारलं, "कोणासंगं?"

एका बापानं हे शेजारणीला विचारलं. मी जीशानचं नाव सांगितलं, शाळेत शिकवतो, आईवडील नांदेडचे, स्वभावानं गरीब आहे. मला जेवढं माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं. ते प्रत्येक गोष्टीला "अच्छा" म्हणत होते. पगार, उंची, घर स्वतःचं की भाड्याचं, सगळं विचारून घेतलं. शेवटी म्हणाले, "अच्छा हाये. मंग तर तू बिलकुल काही लिहू नको. लग्नाच्या तोंडावर नोकरी गेली तर सासरचे काय म्हणतील? मामू हाये ना उभा राह्यला. मी इथून दुआ करीन."

मी म्हणाले, "चाचा, तुमच्यावरचा आळ माझ्यामुळं आला."

"आळ माझ्यावर हाये ना? मंग तो माझा हाये. तू कशाला वाटून घेती?"

येताना त्यांनी आम्हाला पिशवीभर कणसं दिली. मला ती हातात धरवत नव्हती. आईनं घेतली.

वाटेत मी आईला म्हणाले की चाचा नको म्हणतात. आई थांबली. "त्यो नकोच म्हणनार. तू लिहिणार न्हाईस तर मी कचरू मास्तरकडून लिहून घेते. अन् त्याच्यात हे पन घालते, का माझ्या पोरीनं माझ्या जिवाची खोटी शपथ घेतली." मग तिचा आवाज फुटला. "मी मरन म्हनून न्हाई गं. लालमियाँनं काय काय गिळलं, त्याच्यासाठी." मी आईला रडताना फार थोड्या वेळा बघितलं आहे.

म्हणून हे दोन्ही कागद एकाच पाकिटात पाठवते. चाचांचा शब्द मोडते आहे, हे तुला कळावं. हे मी कंपनीला लिहिलेलं नाही, गावात कुणाला सांगितलेलं नाही. कंपनीला लिहिलं तर पहिला घाव तुझ्या नोकरीवर बसेल, आणि तो घालायचा हक्क मला नाही. पण तू म्हणशील तर मी तुझ्या साहेबांपुढं, गावापुढं, पुण्याच्या त्या लोकांपुढं, कुठंही उभी राहून सांगेन. तू गप्प राहा म्हणालीस तरी राहीन. मात्र निकाहात तुझ्या बाजूनं कोण उभं राहायचं, हे आता तू खरं माहीत असताना ठरव.

सोबत फोटो आहे. प्रदर्शनात लावला तो नव्हे, तो मी डावीकडून कापला होता. ही अख्ख्या निगेटिव्हची प्रत, कालच काढली. डावीकडे उघड्या दारातून तुमचा प्लॉट दिसतो, त्यात चाचा आहेत. लहान आहेत, पण ओळखू येतात. दोन्हीकडची फुलं एकाच दिवशी फुललेली आहेत, यापेक्षा जास्त पुरावा माझ्याकडे नाही. त्यांना मी कापलं, कारण त्यांच्याकडे बघवत नव्हतं. पुण्यात मात्र मी सांगितलं की चौकट घट्ट हवी होती.

मला माफ करशील का, हे विचारायचं नव्हतं. तरी विचारते.

संध्या


निजामाबाद
मंगळवार, ६ जानेवारी २०२६

संध्या,

दोन्ही पाकिटं मिळाली. जाड पाकीट मी ऑफिसातच उघडलं, ते चुकलं. फोटो टेबलावर होता, शेजारचे कल्याण सर जाताजाता म्हणाले, "मॅडम, गोंडे चांगले भरलेत. कुठला प्लॉट?" मी उठून बाहेर गेले.

फोटो चांगला आहे. हे लिहायचं नव्हतं, पण खोटं लिहून तुझ्या पंक्तीला बसायचं नाही मला. अब्बांच्या हाताला बांधलेलं फडकं अम्मीच्या ओढणीचं आहे. तेवढ्या लांबूनही दिसतं. ते कापून टाकून तू बक्षीस घ्यायला उभी राहिलीस.

माझी चूक माझ्याकडे आहे. तुमच्या ओट्यापासून परसापर्यंत पंधरा पावलं. मी गेले नाही. तुझ्याकडचा चहा गार होईल म्हणून गेले नाही. शुक्रवारी मी साहेबांना अर्ज दिला की ३ फेब्रुवारी २०२४ ची तपासणी पूर्ण न करता मी सही केली, शेतकरी लालमियाँ यांनी कोणतंही बी मिसळलेलं नाही, त्यांचं नाव काळ्या यादीतून काढावं. तुझं नाव घातलं नाही. तुझ्यावरच्या प्रेमानं नव्हे, सही माझी होती म्हणून. मला फिल्डवरून काढून चौकशी लावली आहे. नोकरी राहील असं कुणी म्हणत नाही. जीशानला सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, तारीख पुढं ढकलायची का? मी नाही म्हणाले. मग तो म्हणाला, "तो अब्बा को लाओ पहले."

अब्बांना फोन केला. ते पहिलं वाक्य काय बोलले असतील? "अर्जी वापस ले." मी म्हणाले, नाही घेणार. मग ते तुझ्यावर चिडले, केशरमावशीवर चिडले, जीशानच्या पगाराचं विचारलं. मग एकदम हळू म्हणाले, "शेरवानी नईं मेरे कने." मी फोन मामींच्या हातात दिला.

तू माफीचं विचारतेस. तू डेंगळे ठेवलेस, ते मला समजतं. एखादी गोष्ट इतकी हवीशी वाटणं मला समजतं, मीही तशीच घरच्यांशी भांडून शिकले. शपथेचंही एक वेळ समजून घेईन, माणूस घाबरतं. पण त्यानंतर अकरा महिने मी माझ्या बापाला चोर समजत होते आणि तू ते बघत होतीस. मला पत्रं लिहीत होतीस, गंमत करत होतीस. रमजान ईदला त्यांनी सात वेळा फोन केला होता. मी मोबाइल उशीखाली दाबून बसले. सातही वेळा. ती ईद तू मला कुठून आणून देणार आहेस?

फोटो पुढच्या खोलीत लावणार नाही. फेकलेलाही नाही. त्याचं काय करायचं ते नंतर बघेन. तू मात्र पुण्याच्या लोकांना फुलांचं नाव कळव.

चौदा तारखेची जालन्याहून दोन तिकिटं सोबत पाठवते आहे. एक अब्बांचं, एक केशरमावशीचं. मावशीचा गुडघा दुखतो म्हणून दोन्ही बर्थ खालचे घेतले आहेत. जालन्याला स्टेशनवर गर्दी असते आणि अब्बांना डबा सापडत नाही, तेव्हा तू दोघांना सोडायला जा. सामान आत ठेवून दे, पाण्याची बाटली घेऊन दे.

गाडी सुटली की घरी जा.

नाजिया